तळे राखी तो…

आमच्या घरी मासा ठाऊक होता तो दशावताराच्या तसबिरीतला. मत्स्यावताराला नमस्कार करायचा, त्याला खायचे नाही, एवढे माझे मत्स्यज्ञान मला चाळिशी उलटेपर्यंत पुरले. 'तळे राखी तो पाणी चाखी' ही म्हण मात्र मी कॉलेजात वीस वर्षे शिकवीत आले आहे. तिचा अर्थ मुले झटकन सांगतात. राखणदार चाखणारच, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. पण तळे राखणे म्हणजे नेमके काय करणे, असे मला एकाही विद्यार्थ्याने विचारले नव्हते. विचारले असते, तर 'काठी घेऊन काठावर बसणे' असे उत्तर देऊन मी पुढच्या म्हणीकडे वळले असते.

हे अज्ञान दूर झाले ते २०२२ च्या जुलैत. कोरोनाने विद्यापीठाचे वेळापत्रक विस्कटले होते, त्यामुळे एरवी प्रवेशाच्या गर्दीत जाणारा महिना माझ्या हाती मोकळा आला आणि मी आक्काकडे इंग्लंडला गेले. आक्का ही माझी थोरली चुलत बहीण, माझ्याहून बावीस वर्षांनी मोठी. ती महाडकडच्या मासेखाऊ घरात पडली, तेव्हा आमच्या घरात दोन महिने अबोला होता म्हणतात. भाऊजी लहान मुलांचे डॉक्टर. १९७६ साली ते तिकडे गेले, उत्तर इंग्लंडातल्या इस्पितळांत जन्मभर राबले आणि २००९ मध्ये निवृत्त होऊन ज्याला लेक डिस्ट्रिक्ट म्हणतात त्या डोंगराळ मुलखात घर करून राहिले. तळ्यांचा प्रदेश म्हणून तो प्रसिद्ध आहेच, पण पाऊसही तसाच. तिथल्या सीथवेट नावाच्या वाडीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. "कोकण सोडून आलो असं वाटलंच नाही कधी," असे भाऊजी म्हणतात. आक्काला मात्र तसे वाटते, विशेषतः पापड वाळवायच्या दिवसांत.

मी पोचले त्याच संध्याकाळी चहा संपायच्या आत भाऊजींनी मला तळ्यावर नेले. टेकडीवरच्या अशा लहान तळ्याला तिकडे टार्न म्हणतात आणि ओढ्याला बेक. आमचे हे टार्न (दोन आठवड्यांत ते माझेही झाले होते) जेमतेम तीन एकरांचे. मधोमध खोली दोन पुरुष. एका अंगाने ओढा येतो, तो इतका अरुंद की साडी नेसूनही ओलांडता यावा. दुसऱ्या अंगाने जुन्या दगडी बांधावरून पाणी बाहेर पडते. गावातल्या तीस-पस्तीस हौशी लोकांच्या मंडळाने हे तळे भाड्याने घेतलेले आहे. तळ्याचे नाव छापायचे नाही, या अटीवर भाऊजींनी मला हे लिहिण्याची परवानगी दिली. नाव छापले की लोक येतात, असे त्यांचे म्हणणे.

या तळ्यात ट्राउट आहे. या माशाला मराठी नाव नाही, कारण तो मुळात आपला नव्हेच. थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्याचा हा मासा. अंग तपकिरी-सोनेरी, त्यावर काळे व तांबडे ठिपके, आणि तांबड्या ठिपक्याभोवती फिकट कडे, जणू कोणी बोटाने कुंकू लावून कडेचे पुसून घेतले आहे. हिंदुस्थानात तो साहेबाने आणला. १८९९ साली काश्मीरकरिता पाठवलेली ट्राउटची अंडी वाटेतच मेली. १९०० साली स्कॉटलंडहून पुन्हा पाठवली ती जगली, आणि त्यांचाच वंश पुढे काश्मीरच्या नद्यांत वाढला. आक्का-भाऊजी लग्नानंतर पहलगामला गेले होते, तिथे भाऊजींनी हा मासा पहिल्यांदा खाल्ला. "आणि त्याच संध्याकाळी मला कळलं की आपल्याला सवत आहे," ही आक्काची पुस्ती.

भाऊजींच्या हातात एक जाड वही होती. मला वाटले, कवितांची असेल. निवृत्त माणसाचा काही भरवसा नसतो. पण तीत आकडे होते. प्रत्येक माशाची लांबी, वजन, तारीख, आणि एक छोटे खवले कागदात गुंडाळून चिकटवलेले. झाडाच्या बुंध्यासारखी खवल्यावरही वर्तुळे असतात, भिंगाखाली ती मोजली की वय कळते. वजनाचा हिशोब तर सरळ बालरुग्णांच्या तक्त्यावरून उचललेला होता.

"हे बघ, वीस सेंटिमीटरचा मासा असेल तर तो साधारण ऐंशी ग्रॅम भरला पाहिजे. आम्ही इथे आलो तेव्हा बासष्ट-त्रेसष्ट ग्रॅमचे निघायचे. डोकं मोठं, पाठ धारेसारखी. असलं पोर आईने आणलं असतं, तर मी पहिलं काय विचारलं असतं?"

"काय खायला घालता?"

"छे! घरात किती जण आहेत, ते विचारलं असतं."

ट्राउट तळ्यात वाढतो, पण तळ्यात जन्मत नाही. शरद ऋतू संपत आला, पाणी गार झाले, की पिकलेले नर-मादी तळे सोडून ओढ्यात शिरतात. मादी कुशीवर होऊन शेपटीच्या फटकाऱ्यांनी गोट्यांत एक आळे उकरते, आपण फुलझाडाला करतो तसे. त्यात अंडी घालते, नर त्यांवर आपला अंश सोडतो, आणि मग मादी थोडी वर सरकून पुन्हा गोटे उडवते, म्हणजे मागचे आळे आपोआप बुजते. मादीच्या दर पौंडी वजनामागे सुमारे आठशे अंडी असतात. आपल्याकडे मासळीबाजारात जिला गाभोळी म्हणतात तीच ही, पण इथे ती हिवाळाभर गोट्यांखाली श्वास घेत पडते. पाणी दहा अंशांचे असेल तर सुमारे चाळीस दिवसांत पिल्ले फुटतात. पाच अंशांचे असेल तर त्याच्या दुप्पट दिवस लागतात. एवढा काळ गोट्यांच्या फटींतून ताजे पाणी खेळते राहिले पाहिजे. वर गाळाचा थर बसला की अंडी गुदमरतात. पुढे वसंतात पिल्ले वर येतात आणि एक-दोन वर्षे ओढ्यातच काढून मग तळ्यात उतरतात.

म्हणजे तळ्यात मासे किती असावेत, हे तळे ठरवीत नाही, ओढा ठरवतो. ओढा उत्तम आणि तळे लहान असले की दरसाल पोरे उतरतच राहतात आणि खाणे मात्र तेवढेच. मग मासे मरत नाहीत, नुसते खुरटतात. कॅलिफोर्नियाच्या डोंगरात बनी लेक म्हणून एक तळे आहे. तिथे १९५१ साली ब्रूक ट्राउट या जातीची पिल्ले सोडली होती. हा मासा एरवी चार-सहा वर्षे जगायचा. पण त्या थंडगार, अन्नान्न तळ्यात त्यांची वाढ अशी खुंटली, की त्यांतले शेवटचे मासे २४ वर्षे जगले. ही हकीकत ऐकून मला आमच्या एका अल्पाहारी आत्याबाईंची आठवण झाली. असो.

एवढे शास्त्र भाऊजींना आज ठाऊक आहे. २०१० साली ठाऊक नव्हते, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

निवृत्त होऊन वर्ष झाले होते. मंडळाने त्यांना सेक्रेटरी केले. मासे रोडावलेले पाहून त्यांच्यातला डॉक्टर अस्वस्थ झाला आणि त्यांनी ठरवले की ओढा घाण आहे, तो आधी साफ करायचा. आणि दिसायलाही तो खरोखर गबाळा होता. पडलेल्या फांद्या, कुजकी खोडे, वाकडे दगड, काठावर आल्डर नावाच्या पाणथळीतल्या झाडांची गचपण. भाऊजींनी दोन महिने एकट्याने खपून तो ओढा आपल्या दिवाळीच्या अंगणासारखा केला. खोडे ओढून काढली, झाडे छाटली, आडवे दगड उचलून काठाला रचले. पाणी सरळ, झुळझुळ वाहू लागले. लोक मुद्दाम पाहायला आले.

आणि गंमत अशी, की मासे खरोखर सुधारले! २०११ साली वजने वाढली, २०१२ साली आणखी वाढली. मंडळाच्या वार्षिक जेवणाला भाऊजींचा सत्कार झाला. चांदीचा मुलामा दिलेला एक मासा त्यांना भेट मिळाला. तो आता माळ्यावर आहे. आक्काने तो दिवाणखान्यात ठेवला होता, भाऊजींनी वर टाकला.

कारण २०१३ साली तळ्यात लहान मासा दिसेनासा झाला. वहीत मोठ्या माशांचीच नोंद, तीही विरळ. भाऊजींनी खवली काढली, वर्तुळे मोजली. २०१० नंतर जन्मलेला मासा जवळजवळ नव्हताच. मासे सुधारले होते ते पाणी सुधारले म्हणून नव्हे, तर खाणारी तोंडे कमी झाली म्हणून. ज्या फांद्यांना त्यांनी कचरा म्हटले, त्यांच्या आडोशाला पिल्ले राहत होती. जे दगड त्यांनी रचून ठेवले, ते पाणी अडवून गोटे जागच्या जागी धरीत होते. ते गेल्यावर पावसाळी लोंढ्याने अंड्यांचे गोटेच वाहून नेले. सावली गेली तसे उन्हाळ्यात ओढ्याचे पाणी तापू लागले.

याच मुलखात एका शास्त्रज्ञाने केलेले काम भाऊजींनी मग मिळवून वाचले. जे. एम. इलियट यांनी १९६६ पासून तीस वर्षांहून अधिक काळ ब्लॅक ब्राउज बेक या एवढ्याशा ओढ्यातल्या ट्राउटची पिल्ले मोजली. पिल्ले गोट्यांतून वर आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच त्यांचा मोठा संहार होतो, कारण प्रत्येक पिल्लाला स्वतःची जागा लागते आणि ती न मिळालेले टिकत नाही. अंडी कितीही असोत, शेवटी बिऱ्हाडे किती, यावर सारे अवलंबून. मुंबई-पुण्याच्या वाचकांना हा सिद्धांत अधिक फोडून सांगायला नको. भाऊजींनी आपल्या हाताने चाळच पाडली होती.

इथपर्यंत ही अडाणीपणाची गोष्ट झाली. पण तळ्याच्या वरच्या अंगाला एका मेंढपाळाचे रान आहे. त्याच्या मेंढ्या ओढ्यावर पाणी प्यायला यायच्या, काठ तुडवायच्या. मंडळाच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले, मेंढ्यांनीच गाळ केला आणि अंडी मेली. सर्वांनी माना डोलावल्या. मेंढपाळाला खरमरीत पत्र गेले. गावातल्या दुकानात लोक त्याच्याशी तुटक वागू लागले. ते पत्र लिहिले होते सेक्रेटरींनी, म्हणजे भाऊजींनी.

"तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?" मी विचारले.

"पत्र लिहिलं तेव्हा नुसता संशय होता. सहा महिन्यांनी खात्री झाली."

"मग?"

"मग दीड वर्ष गप्प बसलो."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितले, की मला पुढे काही विचारवेना. रात्री भांडी पुसताना आक्काने उरलेले सांगितले. त्या दीड वर्षात ते तळ्यावर जायचे, पण गळ टाकायचे नाहीत. २०१५ च्या बैठकीत मंडळाने बाहेरच्या मत्स्यगृहातून तीनशे मासे विकत आणून सोडायचा ठराव मांडला. तेव्हा भाऊजी उठले, वही उघडली आणि ओढा मी मारला, मेंढ्यांनी नव्हे, असे सांगून मोकळे झाले. सेक्रेटरीपद सोडतो म्हणाले. मंडळाने सोडू दिले नाही. इतके हिशोब ठेवणारा दुसरा माणूस नव्हता, हेही त्याचे एक कारण. दुसऱ्या दिवशी ते मेंढपाळाच्या घरी गेले. तो दारातच उभा राहिला, ऐकून घेतले, "बरं," म्हणाला आणि दार लावून घेतले.

विकतचे मासे आणले नाहीत. ओढ्याला परत गबाळा करायचे ठरले, आणि परवानगी काढून ते काम सुरू झाले. माझ्या मते या साऱ्या हकीकतीत सर्वांत अवघड काम तेच. नीटनेटके करणे कोणालाही जमते. पूर्वीसारखे वेडेवाकडे करायचे म्हटले तर प्रत्येक दगडाला विचार करावा लागतो. खोडे पुन्हा ओढ्यात आडवी टाकून खुंट्यांनी जखडली. सुपारीएवढ्यापासून लिंबाएवढ्यापर्यंतचे गोटे बादल्यांनी आणून उथळ पट्ट्यांत पसरले. दक्षिणेच्या काठावर आल्डरची रोपे लावली, म्हणजे दुपारचे ऊन अडेल; पण सगळा ओढा झाकला नाही, कारण पार अंधार झाला तर पाण्यातले शेवाळ आणि त्यावर जगणारे किडेही जातात. काठाला कुंपण झाले. मेंढ्या तर यायलाच नकोत, पण त्यांना पाणी हवे. म्हणून ओढ्याच्या वरच्या अंगाहून एक नळी काढून मेंढपाळाच्या रानात डोणीत सोडली. त्याने कुंपणाचे खांब स्वतः रोवले. बोलला मात्र कामापुरते.

पाच-सहा वर्षांत पोरे परत उतरू लागली, आणि मग जुना धोका पुन्हा उभा राहिला: पुन्हा गर्दी नको. मंडळाने नवा नियम केला की आठ इंचांहून लहान असेल तो पाण्यात परत, दहा इंचांहून मोठा तोही परत, मधला मात्र घरी न्यायचाच. इंग्रज गृहस्थ चमकले. त्यांची आयुष्यभराची रीत उलटी, मोठा मिरवायचा आणि लहान सोडायचा. एवढीशी मासळी खाणार कोण? तेव्हा आक्का पुढे झाली. हळद, तिखट, आगळ आणि वर रव्याचे आवरण. आता दर मोसमात एका शनिवारी मंडळाचे निम्मे सभासद तिच्या परसात ताटल्या घेऊन उभे असतात, आणि भाऊजी वहीत 'खाल्ले' या सदराखाली आकडा टाकतात. आमच्या म्हणीतल्या राखणदाराला निदान इथे तरी चाखणे हे कर्तव्य आहे. मी त्या शनिवारी वरणभात खाल्ला. मत्स्यावताराची भीड अजून सुटलेली नाही.

याच मुलखात जवळच मॉस एकल्स नावाचे एक लहानसे टार्न आहे, तेही आक्काने मला दाखवले. लहान मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिएट्रिक्स पॉटरबाई त्याच्या मालकीण होत्या. बाई आणि त्यांचे यजमान संध्याकाळी तिथे होडी घेऊन जात. त्यांनी तळ्यात कमळे लावली, मासे सोडले. त्यांच्या १९०६ च्या एका गोष्टीत गळ टाकायला बसलेल्या बेडकालाच एक मोठा ट्राउट गिळतो आणि त्याच्या रेनकोटाची चव न आवडल्याने थुंकून देतो. भाऊजींच्या मते संपूर्ण इंग्रजी वाङ्मयात ट्राउटच्या बाजूने लिहिलेले एवढे एकच वाक्य आहे. मराठीच्या प्राध्यापिकेने यावर मत देऊ नये.

जुलैच्या मध्याला हवा बदलली. पाऊस लांबला, रोज निळे आभाळ. माझ्यासारखीला ते सुखाचे. पण भाऊजींचा चेहरा उतरू लागला. रेडिओ सांगत होता की विलायतेत आजवर झाला नाही असा उन्हाळा येतो आहे. तो आलाच: १९ जुलै २०२२ रोजी कोनिंग्जबी या गावी ४०.३ अंशांची नोंद झाली, त्या देशातली आजवरची सर्वांत मोठी. नागपूरकर हसतील. पण हा ट्राउटचा प्रश्न होता. पाणी तेरा अंशांच्या आसपास असले आणि पोटभर मिळाले की हा मासा सर्वांत छान वाढतो. एकोणीस-वीसच्या पुढे तो खाणे सोडतो, पंचविसाच्या आसपास जीव सोडतो. शिवाय पाणी तापले की त्यातला प्राणवायू उडतो. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे अकरा मिलिग्रॅम मावतो, वीस अंशांच्या पाण्यात नऊ. आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते.

मंडळाने गळ टाकणे बंद केले. १८ तारखेला पहाटे चारला भाऊजी उठले, तशी मीही उठले. पहाटेच का, तर पाण्यातली झाडे दिवसा प्राणवायू देतात आणि रात्रभर स्वतःच तो वापरतात. म्हणून सूर्योदयाच्या सुमारास तळ्याचा श्वास सर्वांत कोंडलेला असतो. दुपारी सारे ठीक दिसते आणि लोक फसतात. होडीतून भाऊजींनी यंत्राची तार सोडली. वरचे पाणी बावीस अंश. तळाशी गार होते, पण तिथे प्राणवायू नव्हता. ही कोंडी मला त्या क्षणी समजली: वर गरम, खाली गुदमर.

"मग मासे आहेत कुठे?"

भाऊजींनी वल्हे न वाजवता होडी ओढ्याच्या मुखाशी नेली. तिथे ओढ्याचे पाणी पंख्यासारखे तळ्यात पसरत होते, आठ-दहा हात लांब, तेवढेच रुंद. तापमापी साडेपंधरा दाखवीत होती. आणि त्या पंख्यात, शेपट्या तळ्याकडे आणि तोंडे ओढ्याकडे करून, एकाशी एक खेटून मासे उभे होते. अख्ख्या तळ्याचे मासे. एरवी एकमेकांना जवळ न फिरकू देणारे, लहानमोठे, सगळे. कल्ले हलताहेत, एवढीच काय ती हालचाल. मी देवळाच्या डोहातले मासे ऐकून होते. महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे मासे आहेत, त्यांना कोणी धरत नाही, हे भाऊजी नेहमी सांगत. पण तिथे मासे कुरमुऱ्यांसाठी जमतात. इथे ते श्वासासाठी जमले होते.

काठावर एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा उभा होता. मंडळातल्याच एकाचा नातू. हातात काठी-दोरी. असे मासे त्याने जन्मात पाहिले नसतील. हाताने धरता आले असते. भाऊजी काही बोलले नाहीत. त्यांनी होडी काठाला लावली, खिशातून दुसरी वही आणि पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "दर तासाला इथलं तापमान लिहायचं. बगळा आला तर हाकलायचा. पगार नाही."

पण ओढ्याची धार रोज बारीक होत होती. सकाळी वीतभर रुंद होती, आणि तिच्यातूनच वरती मेंढपाळाच्या डोणीला नळी जात होती. जवळजवळ एक तृतीयांश पाणी तीच नेत असे. ती दोन-तीन दिवस बंद झाली तर पंखा टिकणार होता. पण नळी त्याच्या हक्काची, उन्हाळा मेंढ्यांनाही होता, आणि मागायला जायचे कोणी, तर ज्याने ते पत्र लिहिले त्याने.

भाऊजींनी न्याहारी केली नाही. नऊच्या सुमारास म्हणाले, "चल माझ्याबरोबर. पाहुणी असली की माणूस दार लावत नाही." चढ चढताना ते दोनदा थांबले, दमले म्हणून की काय म्हणून, मी विचारले नाही. घराशी पोचलो तेव्हा मेंढपाळ अंगणात ट्रॅक्टरवर पाण्याची टाकी चढवीत होता. भाऊजींनी टोपी काढली आणि बोलायला सुरुवात केली: उन्हाळा असा, पाणी तसे, आपली गैरसोय होईल याची मला…

"नळी पाच वाजताच काढली," तो म्हणाला. टाकीकडे मान केली. "मेंढ्यांना घरचं पाणी नेतो. शुक्रवारपर्यंत निभेल."

भाऊजी टोपी हातात धरून तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने मेंढपाळाने विचारले, "किती मेले?"

"अजून एकही नाही."

"हं," असे म्हणून तो ट्रॅक्टरवर बसला. एवढेच संभाषण. परत येताना भाऊजी वाटेत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर आक्काला म्हणाले, "तुझा चिवडा शिल्लक आहे का? डबाभर काढ."

१९ तारखेला संध्याकाळी तळ्याचे पाणी चोवीस अंशांवर गेले. बेकच्या मुखाशी ते सतराच्या वर गेले नाही. मुलाच्या वहीत तासातासाची नोंद आहे, आणि बगळा चार वेळा हाकलल्याचीही. विसाव्या तारखेला वारा सुटला, ढग आले. बावीसला पहाटे मी मोजले (तोवर ते यंत्र माझ्या हाती आले होते), तर पंख्यात एकही मासा नव्हता. सगळे तळ्यात पांगले होते. मेलेले सापडले अकरा, त्यांतले बहुतेक मोठे. भाऊजींनी प्रत्येकाची लांबी घेतली, खवले काढले, आणि मगच पुरले.

मी ऑगस्टच्या सुरुवातीला परत आले. कॉलेज, परीक्षा, पेपर, आणि मग दिवाळी. नोव्हेंबरात आमच्या गच्चीवर तुळशीच्या लग्नाची तयारी चालली होती. ऊस बांधून झाला होता, बोरे-आवळे मांडले होते, भटजी घाईत होते. एवढ्यात आक्काचा व्हिडिओ फोन आला. आपल्याकडे साडेसात वाजले होते, तिकडे दुपारचे दोन. पडद्यावर नुसते गवत आणि कोणाचे तरी बूट.

"भाऊजी, फोन आडवा धरा!"

फोन आडवा झाला. आल्डरची पिवळी पाने, खाली पाण्याची पट्टी. त्या पट्टीत हातभर अंतरावर दोन मासे. एक कुशीवर वळला, शेपटीचा फटकारा झाला, गोटे उडाले, पाणी गढूळ होऊन लगेच निवळले. पुन्हा फटकारा. आळे स्पष्ट दिसत होते.

"सातवं आहे हे," भाऊजी कुजबुजले. "गेल्या वर्षी आठवड्याभरात चार मोजली होती." मग फोन जरा वर झाला. कुंपणापलीकडे मेंढपाळ खांबाला टेकून उभा होता, तोंडात काहीतरी चावीत. ते काय असावे हे मला इतक्या लांबून कळले नाही, पण आक्का म्हणाली की डबा परवाच दुसऱ्यांदा भरून दिला आहे.

इकडे अंतरपाट धरला होता. भटजींनी माझ्याकडे रागाने पाहिले. मी फोन वृंदावनाच्या कट्ट्यावर उसाला टेकवून उभा केला आणि अक्षता हातात घेतल्या.